'सारखा' दिसला की उपमा? नाही

सोलापुरातल्या शिकवण्यांपासून गाइडांपर्यंत भाषेच्या अलंकारांबद्दल एक समज पक्का बसलाय: 'सारखा' म्हणजे उपमा, 'जणू' किंवा 'वाटे' म्हणजे उत्प्रेक्षा. शब्द ही फक्त खूण आहे, पुरावा नव्हे.

'ही चादर त्या चादरीसारखी आहे.' 'सारखी' आहे, पण अलंकार नाही. दोन्ही वस्तू एकाच जातीच्या, चमत्कृती कुठेच नाही. 'आज पाऊस येईलसं वाटतं' हा तर नुसता अंदाज. उलट 'कमलनयन'मध्ये (कमळासारखे डोळे असलेला) साम्यवाचक शब्दच नाही, तरी उपमा आहे (लुप्तोपमा, म्हणजे शब्द गाळलेली उपमा).

आधी मुलांना उपमेय (ज्याची तुलना करतो ते), उपमान (ज्याच्याशी करतो ते) आणि साधारण धर्म (दोघांतला समान गुण) शोधायला लावा, साम्यवाचक शब्द शेवटी. मग उपमेय-उपमानाचं नातं विचारा. सिद्धेश्वर तलावच घ्या. 'तलाव आरशासारखा लखलखतो': साम्य, म्हणून उपमा. 'तलाव जणू आरसाच': संभावना (तलाव आरसाच असावा अशी कल्पना), म्हणून उत्प्रेक्षा. 'तलावाच्या आरशात मंदिर स्वतःला न्याहाळतं': दोन्ही एकरूप, रूपक. 'हा तलाव नव्हे, आरसाच': उपमेय नाकारलं, अपन्हुती. (इथेही 'नव्हे', 'नाही'वर भिस्त नको, 'आज बाजार नाही' ही अपन्हुती नव्हे.)

मुलं सर्वात जास्त अडखळतात ती रूपकात, कारण तिथे पकडायला शब्दच नसतो. तिथे 'सारखा' घालून वाक्य पुन्हा लिहायला सांगा. एकरूपता मोडून नुसतं साम्य उरलं, की फरक डोळ्यांना दिसतो.