निसर्ग छायाचित्रण आणि निसर्गचित्रकला (कोल्हापूर)

रानात, तळ्याकाठी थांबून प्राणी-पक्ष्यांचे फोटो काढणं किंवा जागेवर बसून निसर्गचित्र करणं. दोन्हीत खरं काम म्हणजे थांबणं, हात चालतो तो थोडाच वेळ.

कोल्हापुरात ब्रश आणि कॅमेरा आधीपासून शेजारी-शेजारीच, बाबुराव पेंटर तर चित्रं करता करता देशी मूव्ही कॅमेराच बनवून बसले. आबालाल रहमान (निधन १९३१) मुंबईच्या जेजे या कलाशाळेत शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, पण जीव रमला कोटितीर्थ तळ्याच्या काठी, तोच परिसर आणि तोच उजेड पुन्हा पुन्हा रंगवण्यात.

आता फोटोवाल्यांची पावलं वळतात राधानगरी अभयारण्याकडे, म्हणजे आपल्या दाजीपूरला. हे आधी संस्थानचं शिकारीचं रान होतं, १९५८ पासून गव्यांसाठी राखीव झालं, आणि २०१२ ला पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलं. गव्याचा फोटो दिसतो तेवढा सोपा नाही, हे सांगायलाच पाहिजे. जनावर काळंभोर, भोवती झाडांची गडद सावली, मग कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो सगळंच उजळ करून टाकतो, गवा राखाडी दिसतो आणि पायांवरचा मोज्यांसारखा पांढरा भाग जळून जातो, म्हणजे नुसता कोरा पांढरा येतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, मुद्दाम थोडं खाली आणायचं. कळप पाण्यावर येईपर्यंत वाऱ्याची दिशा बघून बसायचं, कारण गव्याचं नाक लई तिखट, तुमचा वास गेला की कळप पसार.

रंकाळा, कळंबा या तळ्यांवर खंड्या मिळतो. तो सूर मारून बऱ्याचदा त्याच फांदीवर परत येतो, तेव्हा पक्ष्यामागं पळण्यापेक्षा फांदीवर फोकस लावून, शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवून बसलेलं बरं.

जलरंगवाल्यांचं दुखणं वेगळंच. पन्हाळ्यावर पावसाळी हवेत कागद वाळतच नाही, पहिला वॉश (पातळ रंगाचा थर) ओला असताना दुसरा दिला की डोंगर आभाळात पसरतो, कधी कधी तेच छान दिसतं म्हणा. धुक्याचा पांढरा मात्र कागदच कोरा सोडून मिळवायचा, नंतर वरून लावलेला पांढरा रंग ओळखू येतो.

घरट्याजवळ जाऊन फोटो काढणं, मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हे प्रकार चालतात आणि ते वाईटच आहेत, पिल्लं सोडून आई उडते आणि घारी-कावळ्यांना आयतीच संधी मिळते.