पैठणी महागली म्हणून खपते का?

लग्नसराईत पैठणीचे भाव चढलेले असतात, तरीही दुकानांत गर्दी असते. त्यावरून ‘भाव वाढला की मागणी घटते हा मागणीचा नियम उंची वस्तूंना लागू होत नाही, भाव चढवला की गिऱ्हाईक वाढते’ असा समज पैठणपासून लातूरपर्यंत रूढ झाला आहे. तो अर्धवट आहे. मागणीचा नियम इतर परिस्थिती कायम असेल तरच लागू होतो. प्रत्यक्षात भाव वाढतात त्याच काळात पगार वाढलेले असतात, किंवा सोयाबीनला (क्वचित का होईना) बरा दर मिळालेला असतो, आणि एकूण मागणीच वर सरकते.

अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची, म्हणजे इतरांवर छाप पाडण्यासाठी महाग वस्तू घेण्याची, संकल्पना मांडली, हे खरे. मात्र अर्थतज्ज्ञ हार्वी लायबेनस्टाइन यांनी १९५० मध्ये केलेला भेद सहसा सांगितला जात नाही: ग्राहकाने मोजलेली किंमत वेगळी आणि ती वस्तू केवढ्याची असेल असे इतरांना वाटते ती किंमत वेगळी, प्रतिष्ठा दुसरीमुळे मिळते. पैठणच्या दुकानात हे उघड दिसते. नवरीची आई पदर उलटून मागे सुटे धागे नाहीत ना हे पाहते, कारण हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असते. मग अर्धा तास घासाघीस करते आणि घरी नणंदेला मात्र चिठ्ठीवरचीच किंमत सांगते. चढा भावच हवा असता, तर ही घासाघीस कशाला? ज्याला वीण ओळखता येत नाही, तो मात्र भावावरूनच अस्सलपणा ठरवतो, आणि यंत्रमागावरची नक्कल नेमकी त्याच्याच गळ्यात पडते.