दुर्गाबाई देशमुख आणि संविधान सभेतली त्यांची भाषणं

दुर्गाबाई देशमुख (15 जुलै 1909 ते 9 मे 1981) या स्वातंत्र्यसैनिक, वकील, संविधान सभेच्या मेंबर आणि पुढे नियोजन आयोगाच्या सदस्य. दुर्गाबाई म्हटलं की मराठी माणसाला आधी दुर्गाबाई भागवत आठवतात, आणि देशमुख जोडलं की 'अच्छा, सीडींच्या मिसेस का' असं होतं. तेही खोटं नाही, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, म्हणजे आपल्या महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले सीडी, त्यांच्याशी दुर्गाबाईंचं लग्न झालं. पण ते झालं 22 जानेवारी 1953 ला, म्हणजे संविधानाचं काम आटोपून तीन वर्षं होऊन गेली होती. त्यामुळे संविधान सभेच्या चर्चांच्या खंडांत 'देशमुख' शोधत बसलात तर बाई सापडणारच नाहीत, तिथे त्या 'श्रीमती जी. दुर्गाबाई' आहेत. जी म्हणजे गुम्मिडिथला.

जन्म आंध्रातल्या राजमहेंद्रीचा, तेव्हाचा मद्रास इलाखा. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं आणि थोडी मोठी झाल्यावर मुलीने स्पष्ट सांगितलं की हे मला मान्य नाही, मी नांदायला जाणार नाही. त्या काळात हे ऐकून घेणारे आईवडील मिळाले हे तिचं नशीबच. शाळा आधीच सोडली होती, कारण शिकवणं इंग्रजीतून सुरू झालं होतं आणि हिचं डोकं असहकारात. मग स्वतः हिंदी शिकली आणि बायकांसाठी हिंदीचे वर्ग काढले. ही हिंदीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1923 चा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. काकिनाड्याला काँग्रेसचं अधिवेशन, सोबत खादी प्रदर्शन, दारावर तिकीट बघायला ही चौदा वर्षांची स्वयंसेविका. जवाहरलाल नेहरू आले, तिकीट नव्हतं, हिने आत सोडलं नाही. आयोजक धावत आले, रागावले, तरी ही हटेना, शेवटी त्यांनी तिकीट काढून दिलं तेव्हा नेहरू आत गेले. गंमत म्हणजे तीस वर्षांनी सीडींशी लग्न झालं तेव्हा साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत हेच नेहरू होते.

1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात मद्रासला अटक झाली, नंतर परत अटक, त्यात मदुराईच्या तुरुंगात एकांतवासही भोगला. तिथे खुनाच्या आरोपात शिक्षा झालेल्या बायका बघितल्या. आपल्यावर नक्की काय खटला चालला हेच त्यांच्यातल्या कितीतरी जणींना कळलेलं नव्हतं, वकील नाही, अक्षरओळख नाही. वकील व्हायचं तिथे ठरलं. पण हातात मॅट्रिकसुद्धा नव्हती! मग बनारसहून मॅट्रिक, वॉल्टेअरच्या (म्हणजे विशाखापट्टणमच्या) आंध्र विद्यापीठातून बीए (मुलींचं होस्टेल नाही म्हणून ॲडमिशन अडली तर पेपरात जाहिरात देऊन मुली गोळा केल्या आणि होस्टेलच चालू केलं), मग मद्रासला कायद्याची डिग्री आणि हायकोर्टात वकिली. मधल्या काळात 1937 मध्ये आंध्र महिला सभा काढली.

1946 मध्ये मद्रासकडून संविधान सभेवर निवडून गेल्या. एकंदर 15 बायका होत्या त्या सभेत, त्यातल्या सभापतींच्या पॅनेलवर (म्हणजे अध्यक्ष नसताना कामकाज चालवणाऱ्यांत) एकट्या ह्याच.

आता मुद्द्याचं. दुर्गाबाईंच्या भाषणांत गाजलेली वाक्यं शोधायला गेलात तर निराश व्हाल. त्यांचं काम वकिली पद्धतीचं, मसुद्यातला एखादा शब्द पकडायचा, एखादा आकडा पकडायचा आणि म्हणायचं हा बदला. दोन उदाहरणं देतो.

पहिलं, डिसेंबर 1948, धर्मस्वातंत्र्याचं कलम (मसुद्यात 19, आता 25). सार्वजनिक हिंदू मंदिरं आणि संस्था खुल्या करायचा कायदा सरकारला करता यावा, अशी त्यात तरतूद होती. पण मसुद्यात शब्द असे होते की हिंदूंच्या 'कोणत्याही वर्गाला किंवा विभागाला' खुल्या करता येतील. दुर्गाबाईंची दुरुस्ती एवढीच, की 'सर्व वर्गांना आणि विभागांना' म्हणा. वाचताना वाटतं काय फरक पडतो? पण कोर्टात उभं राहणाऱ्याला कळतं. 'कोणत्याही' म्हटलं तर एका जातीला दार उघडलं आणि दुसरीला बाहेर ठेवलं तरी शब्दाचं पालन झालं असं कोणी म्हणू शकतो. 'सर्व' म्हटलं की ती पळवाट बंद. दुरुस्ती मान्य झाली आणि आज 25 (2) (ख) उघडून बघा, 'सर्व'च आहे. साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण याच्या दीडेक वर्ष आधीचं, 1947 चं, तेव्हा मंदिराच्या दारावर कोण अडवतं आणि कसं, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

दुसरं, 1949. राज्यसभेसाठी (तेव्हाचं नाव कौन्सिल ऑफ स्टेट्स) किमान वय 35 ठेवायचा प्रस्ताव होता. दुर्गाबाई म्हणाल्या 30 करा. युक्तिवाद साधा होता, शहाणपण काही वयावर अवलंबून नसतं आणि आताची मुलंमुली जास्त जाणती आहेत, जबाबदारी ओळखतात. स्वतः तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या, म्हणजे स्वतःसाठी काही मागत नव्हत्या. हेही मान्य झालं, कलम 84 मध्ये आजही 30 आहे. तिशीतला कोणी खासदार राज्यसभेत शपथ घेताना दिसला की मला तरी या बाईच आठवतात.

भाषेच्या वादात मात्र त्या नुसत्या शब्दावर थांबल्या नाहीत, तिथे जीव अडकलेला होता. सप्टेंबर 1949 मध्ये राजभाषेवर दोन-तीन दिवस जुंपली, अंक नागरी (१, २, ३) की आंतरराष्ट्रीय (1, 2, 3) यावर तर कडाक्याची भांडणं. दुर्गाबाईंचं म्हणणं असं की राष्ट्रभाषा हिंदुस्तानीच असावी, म्हणजे हिंदी अधिक उर्दू, आणि अंक आंतरराष्ट्रीय ठेवा. आणि मग हिंदीवाल्यांना सुनावलं, की गांधीजींच्या शब्दाखातर आम्ही दक्षिणेत आपणहून हिंदी शिकलो, शिकवली, शाळा चालवल्या, आणि आता तुमचा हा आग्रह बघून आमच्या त्या उत्साहावरच पाणी पडतंय. तेलुगू मुलुखात शाळकरी वयात हिंदीचे वर्ग घेतलेली बाई हे बोलते तेव्हा त्याला वेगळं वजन येतं. हिंदीचा विरोधक बोलला असता तर उडवून लावता आलं असतं, हिला कसं उडवणार. माझ्या मते त्यांचं हेच भाषण सगळ्यात जास्त वाचलं पाहिजे, आपल्याकडे हिंदी सक्तीवरून मध्येमध्ये जे पेटतं ते बघता तर नक्कीच.

पहिल्या निवडणुकीआधीच्या हंगामी संसदेत हिंदू कोड बिलाच्या, म्हणजे हिंदूंचे लग्न-वारसाचे कायदे बदलणाऱ्या विधेयकाच्या बाजूने उभ्या राहिल्या. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत मात्र पडल्या, नंतर खासदारकी नाही, नियोजन आयोग आला. ऑगस्ट 1953 मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघालं त्याच्या पहिल्या अध्यक्ष ह्याच, आणि 1958 मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीच्याही. सीडींनी 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून अर्थमंत्रिपद सोडलं तो सगळा काळ दुर्गाबाईंनी दिल्लीच्या घरातून पाहिला. 1975 मध्ये दोघांनाही पद्मविभूषण मिळालं.

1953 मध्ये चीनला गेल्या होत्या तेव्हा तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहिली आणि परत आल्यावर मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांच्याकडे विषय काढला, की नवराबायकोची भांडणं नेहमीच्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं कुजवण्यापेक्षा असं काही आपल्याकडे का नको. पुढे नेहरूंशीही बोलल्या. फॅमिली कोर्ट्स ॲक्ट झाला 1984 मध्ये, त्या गेल्यावर तीन वर्षांनी.