व्यापारी-खासदार (सोलापूर)

पेढी, आडत, माग किंवा कारखाना चालवून नाव मिळवलेला आणि त्या नावाच्या बळावर संसदेत गेलेला लोकप्रतिनिधी. असे प्रतिनिधी देशात सगळीकडे झाले. सोलापुरात मात्र या प्रकाराला खास वळण मिळाले, कारण हे शहरच सूत, चादर, कांदा आणि साखर यांच्या उलाढालीवर वाढले आहे. इथे माणसाची किंमत आधी पेठेत ठरत असे.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. कापसाचा व्यापार वाढला आणि पुढच्या दोन दशकांत ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी पहिली कापडगिरणी उभी राहिली. लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या त्यामागून आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकाच्या बाजूने लिंगायत व्यापारी आले, राजस्थान-गुजरातकडून मारवाडी व गुजराती जैन सावकार आले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात मते मागायची तर चारही भाषांतल्या मोहल्ल्यांत ओळख लागे. चाटी गल्लीतल्या कापडवाल्याला किंवा साखर पेठेतल्या सूतवाल्याला ही ओळख धंद्यातूनच मिळे. त्याचे गिऱ्हाईक एका भाषेचे, हमाल दुसऱ्या भाषेचे आणि मागवाले तिसऱ्या भाषेचे.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे : पत. सूत उधारीवर उचलायचे, मजुरी रोख द्यायची, माल बाहेरगावच्या व्यापाऱ्याला पाठवायचा आणि पैसे येईपर्यंत तग धरायचा. या साखळीत एका माणसाने शब्द मोडला तर चार घरांच्या चुली थंडावतात. म्हणून ज्याचा शब्द चालतो त्याच्याकडे लोक भांडणे मिटवायला जातात, मंडळाची वर्गणी त्याच्याकडे ठेवतात, शाळेच्या विश्वस्त मंडळावर त्याला बसवतात. नगरपालिकेची उमेदवारी पुढे याच ओघात येते. सोलापूरचा व्यापारी थेट दिल्लीला गेला, असे सहसा घडले नाही. समाजाची संस्था, सहकारी बँक, बाजार समिती, शाळा, नगरपालिका अशा पायऱ्या त्याला चढाव्या लागल्या. त्याच्या राजकारणाची कसोटी या पायऱ्यांवरच लागते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पुढच्या मतमोजणीत त्याचा फक्त हिशेब होतो.

व्यापाऱ्याच्या सार्वजनिक जीवनाचा पाया स्वातंत्र्यापूर्वी घातला गेला. हिराचंद नेमचंद दोशी कापसाचे व्यापारी होते आणि ‘जैन बोधक’ मासिक काढून त्यांनी समाजसुधारणेचे काम केले. त्यांचे पुत्र वालचंद हिराचंद (जन्म सोलापूर, १८८२) जहाजबांधणी आणि विमाननिर्मितीपर्यंत पोहोचले, पण संसदेच्या वाटेला गेले नाहीत. याच घराण्यातले लालचंद हिराचंद मात्र १९५० च्या दशकात राज्यसभेचे सदस्य झाले. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. पेठ आणि गिरणी त्या लढ्यात एकत्र होत्या. हे चार हुतात्मे चार वेगवेगळ्या समाजांतले होते, ही गोष्ट सोलापूरकर आजही अभिमानाने सांगतात. त्या एकोप्याची आठवण पुढच्या प्रत्येक उमेदवाराला ठेवावी लागली.

तरीही पहिल्या लोकसभेला व्यापारी गेला नाही. १९५२ मध्ये सोलापूर दुहेरी मतदारसंघ होता आणि तिथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. गिरणी कामगारांचे शहर आणि अवर्षणग्रस्त तालुके यांनी दिलेला तो कौल होता. १९६२ मध्ये काँग्रेसचे मडेप्पा बंडप्पा काडादी खासदार झाले. काडादी घराण्याचे नाव सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याशी जोडलेले आहे. त्यानंतर १९६७, १९७१ आणि १९७७ अशा तीन निवडणुका काँग्रेसच्याच सूरजरतन फतेहचंद दमाणी यांनी जिंकल्या. या नोंदीचा नमुना म्हणून त्यांचेच नाव घ्यावे लागेल. त्याआधी १९५७ मध्ये ते राजस्थानातल्या जालोरमधून लोकसभेवर गेले होते. एक पाय मूळ मुलखात आणि दुसरा व्यापाराच्या गावात, हे मारवाडी घराण्यांचे जुने जगणे त्यांच्या संसदीय प्रवासातही उतरले. १९७७ च्या लाटेत देशभर काँग्रेसचे गड ढासळत असताना सोलापूर टिकले, यातही सोलापुरातल्या जुन्या ऋणानुबंधांचा वाटा असावा.

१९८० व १९८४ मध्ये गंगाधर कुचन आणि १९८९ व १९९१ मध्ये धर्मण्णा सादूल निवडून आले. दोघेही तेलुगू भाषक विणकर समाजातले. शहराच्या पूर्वभागातला, म्हणजे विणकरांच्या वस्तीतला माग यामुळे प्रथमच दिल्लीत बोलू लागला. ही गोष्ट मोठी होती, कारण मागाचे भवितव्य दिल्लीतच ठरते. सुताची निर्यात, हातमागासाठी लडीचे सूत राखून ठेवण्याचे बंधन, अबकारी कर, १९८५ चे वस्त्रधोरण हे सारे केंद्राच्या हातात. सुताचा दर वाढला तर अशोक चौकाच्या पलीकडचे यंत्रमाग थांबतात, ही गोष्ट सभागृहात सांगायला माग चालताना पाहिलेला माणूस लागतो. दुर्दैवाने याच काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि हजारो कामगार यंत्रमाग, विडी व मिळेल त्या कामाकडे वळले. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तोवर गिरण्यांचे भोंगे थांबले होते.

१९९६ मध्ये भाजपचे लिंगराज वल्याळ आणि १९९८ व १९९९ मध्ये सुशीलकुमार शिंदे निवडून आले. शिंदे यांचा प्रवास पेठेतला नाही. न्यायालयातले शिपाई, मग पोलीस खाते आणि तिथून राजकारण. २००३ मध्ये ते मुख्यमंत्री झाल्याने पोटनिवडणूक झाली आणि भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील जिंकले. २००४ मध्ये लोकमंगल समूहाचे सुभाष देशमुख यांनी सुशीलकुमार शिंदे यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे यांचा पराभव केला. दक्षिण सोलापूर तालुक्यातला ग्रामीण तरुण साखर कारखाना आणि पतसंस्थांचे जाळे उभे करून खासदार होतो, हे व्यापारी-खासदाराचे नवे रूप होते. पेढीची जागा समूहाने घेतली आणि पेठेइतकेच खेड्यातले सभासद महत्त्वाचे ठरले.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून सोलापूर अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि पंढरपूर हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. देशमुख यांनी त्या वर्षी माढ्यातून शरद पवार यांच्याविरुद्ध लढत दिली आणि ते हरले. २०१४ पासून ते दक्षिण सोलापूरचे आमदार आहेत. २०१६ मध्ये राज्य मंत्रिमंडळात त्यांच्याकडे सहकार आणि पणन यांच्या जोडीला वस्त्रोद्योग खातेही आले.