सीमाशुल्क अनुपालन (आयात), नागपूर

परदेशी माल आणणाऱ्या व्यवसायाने सीमाशुल्क अधिनियम, १९६२ व त्याखालील नियमांनुसार करावयाची घोषणा, शुल्कभरणा आणि नोंदजतन. बाजारात यालाच ‘कस्टमचे काम’ म्हणतात. ‘जकात’ हा अरबी-फार्सी शब्द मराठीत नगरपालिकेच्या नाक्याला चिकटला, त्यामुळे सरकारी लेखनात ‘सीमाशुल्क’ स्थिरावला. ‘शुल्क’ मात्र जुना. कौटिलीय अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण असून आत येणाऱ्या मालावर मूल्याचा पाचवा भाग हा दर दिला आहे. हा ग्रंथ परंपरेने इ. स. पू. चौथ्या शतकातला मानतात. उपलब्ध संहिता इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सिद्ध झाली असावी, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

नागपूरला समुद्र नाही. माल बहुधा न्हावाशेवा बंदरात उतरतो आणि सीलबंद कंटेनर रेल्वेने अजनीच्या अंतर्देशीय कंटेनर डेपोत येतो. त्यासाठी बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालपावतीवर, अंतिम ठिकाण म्हणून नागपूर डेपोच लिहिलेला हवा. तिथे नुसते ‘न्हावाशेवा’ पडले, तर जहाजाच्या मालयादीत दुरुस्ती होईपर्यंत कंटेनर बंदरातच अडकतो आणि भाडे चढत राहते. म्हणून बिल ऑफ लेडिंगचा मसुदा जहाज सुटण्याआधीच तपासावा.

मूल्यनिर्धारणातही बंदर आणि डेपो यांतला हा फरक जाणवतो. २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार शुल्कासाठीच्या मूल्यात समुद्रभाडे व विमा धरतात. भाडे कळत नसल्यास एफओबी मूल्याच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या मालाच्या किमतीच्या) २० टक्के, विमा कळत नसल्यास १.१२५ टक्के. बंदरापासून नागपूरपर्यंतचे ट्रान्सशिपमेंटचे (पुढच्या वाहतुकीचे) भाडे मात्र वगळले जाते. भाड्याचे बिल थेट नागपूरपर्यंतचे एकत्रित असेल, तर फोड करून न घेणारा आयातदार रेल्वेभाड्यावरही शुल्क भरून बसतो. उदाहरणार्थ, मूल्य १०,००,००० रुपये, मूळ शुल्क ७.५ टक्के (७५,०००), त्यावर समाजकल्याण अधिभार १० टक्के (७,५००), आणि या सगळ्याच्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी १८ टक्के (१,९४,८५०). एकूण २,७७,३५० रुपये. जीएसटी सहसा इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढच्या विक्रीवरील जीएसटीतून वजा होऊन, भरून निघतो, उरलेले ८२,५०० खर्चात जातात.

बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, माल सोडवण्याच्या ठिकाणी पोचण्याच्या आदल्या दिवसाअखेर ऑनलाइन भरावे लागते. उशिराला पहिले तीन दिवस रोज ५,००० व पुढे रोज १०,००० रुपये आकार आहे. २०११ पासून स्वयंनिर्धारण (आयातदाराने स्वतःच शुल्क ठरवणे) असल्याने मालाचे आठ अंकी वर्गीकरण चुकले तर जबाबदारी आयातदाराची. कस्टम ब्रोकरने (परवानाधारक मध्यस्थाने) भरले होते, ही सबब चालत नाही. शुल्क उशिरा भरल्यास वार्षिक १५ टक्के व्याज.

शुल्काचा दर कोणत्या क्षणाचा, हा वाद जुना. अधिनियमाच्या कलम १५ नुसार बिल ऑफ एंट्री सादर केलेल्या दिवसाचा दर लागू होतो. ते जहाजाच्या ‘एंट्री इनवर्ड’आधी (जहाजाच्या आगमनाच्या अधिकृत नोंदीआधी) भरले असेल, तर एंट्री इनवर्डच्या दिवसाचा. ही तारीख म्हणजे सीमाशुल्क नोंदवहीतली, जहाज बंदराशी आले ती नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निर्णय आहे. पुढे संगणकीय नोंदीने वाद दिवसावरून तासामिनिटांवर आणला. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी आधी भरलेल्या बिलांना ती लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयात २०२० मध्ये ठरले. बिल भरल्याची वेळ दाखवणारी पावती जपून ठेवण्याचे कारण हेच.

मुक्त व्यापार कराराची सवलत घेताना नुसते मूळ देशाचे प्रमाणपत्र २१ सप्टेंबर २०२० पासून पुरत नाही. त्या देशात मालाची मूल्यवृद्धी किती झाली याचा तपशील आयातदाराकडे आधीच असावा लागतो आणि पाच वर्षे ठेवावा लागतो. निर्धारण चुकून जास्त शुल्क गेले असेल, तर निर्धारण दुरुस्त करून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही (सर्वोच्च न्यायालय, २०१९). विमानमार्गे आलेला माल, बंधित गोदाम (शुल्क भरण्यापूर्वी माल ठेवण्याची जागा) व नागपूरच्या मिहान प्रकल्पातील विशेष आर्थिक क्षेत्र यांची कार्यपद्धती वेगळी आहे.