गोल आटलेत: चान्स मिळत नाहीत, की मिळालेले वाया जातात?

फुटबॉल सीझनचे पाच सामने झाले, गोल दोन. अशा वेळी पहिली मागणी होते ती स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढे ठेवलेला खेळाडू, बदलण्याची. कधीकधी ती बरोबरही असते. पण बऱ्याचदा बिचारा स्ट्रायकर नव्वद मिनिटांत बॉक्समध्ये (गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनात) बॉलला जेमतेम तीनदा पाय लावून आलेला असतो, आणि खापर मात्र त्याच्या फिनिशिंगवर फुटतं.

गोलांचा दुष्काळ एकच दिसत असला तरी त्यामागे दोन वेगळी दुखणी असतात. एक, संघाला चान्सच तयार करता येत नाहीत. दुसरं, चान्स येतात पण बॉल जाळ्यात जात नाही. पहिलं दुखणं मिडफिल्डचं, धावांचं, जागा घेण्याचं. दुसरं शेवटच्या एका टचचं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पंचाईत होते. चान्स न मिळणाऱ्या संघाने आठवडाभर शूटिंग घोटलं, तर सामन्यात ते वापरायची वेळच येत नाही. आणि चान्स वाया घालवणाऱ्या संघाने घाबरून रचनाच मोडली, तर येत होते तेही बंद होतात.

घोळ होतो तो शॉट मोजण्यामुळे. ‘वीस शॉट मारले, एकही गोल नाही, म्हणजे फिनिशिंग गंडलंय’ हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण ते शॉट मारले कुठून? २५ मीटरवरून, समोर दोन बचावपटू उभे असताना मारलेल्या शॉटवर गोल होण्याची शक्यता शंभरात तीन-चार. पेनल्टीवर शंभरात ७५ ते ८०. बाकीचे बहुतेक शॉट या दोहोंच्या मधे कुठेतरी. सामन्यातल्या प्रत्येक शॉटची ही शक्यता बेरजेत धरली की येणारा आकडा म्हणजे अपेक्षित गोल, सध्याच्या बोलीत एक्सजी. लांबून मारलेले वीस शॉट, प्रत्येकी ०.०४, बेरीज ०.८ गोल. उलट विंगरने (मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या आक्रमकाने) गोललाइनपर्यंत जाऊन मागे ओढलेल्या बॉलवर पेनल्टी स्पॉटच्या आसपास मिळालेले फक्त सहा शॉट, प्रत्येकी ०.२५ धरले तरी दीड गोल. म्हणजे वीस शॉटवाला संघ चान्स वाया घालवतच नाहीये. त्याच्याकडे चान्स नाहीत आणि वाट सापडत नाही म्हणून तो लांबून मारतोय.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधलं २०२०-२१ चं आर्सेनल हे याचं उत्तम उदाहरण. लीगच्या पहिल्या १४ सामन्यांत १२ गोल, १४ गुण, पंधरावा नंबर. त्यांचा स्ट्रायकर ऑबामेयांग आधीच्या दोन्ही सीझनमध्ये लीगमध्ये २२-२२ गोल करून आलेला. १३ डिसेंबरला बर्नलीविरुद्ध त्याच्या डोक्याला लागून बॉल आपल्याच गोलमध्ये गेला, तोवर त्याच्या नावावर लीगचे दोन गोल होते, त्यातला एक पेनल्टीवरचा. ‘ऑबा संपला’ असं म्हणणारे कमी नव्हते. मैदानावर मात्र दुखणं त्याच्या बरंच मागे दिसत होतं. बॉल फुल-बॅककडून (कडेच्या बचावपटूकडून) सेंटर-बॅककडे (मधल्या बचावपटूकडे), तिथून दुसऱ्या बाजूच्या फुल-बॅककडे, मग परत त्याच वाटेने. इंग्रजी ‘यू’ अक्षर गिरवत बसल्यासारखा. प्रतिस्पर्ध्याचं मिडफिल्ड आणि बचावफळी यांच्या मधल्या पट्ट्यात बॉल घेऊन वळणारा कुणी नव्हता. मग उरतो क्रॉस, म्हणजे कडेवरून बॉक्समध्ये टाकलेला बॉल. ६ डिसेंबरला टॉटनहॅमविरुद्ध चाळीसहून जास्त क्रॉस टाकून आर्सेनल ०-२ हरलं.

२६ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध नेमक्या त्या रिकाम्या पट्ट्यात २० वर्षांचा एमिल स्मिथ रो उतरला. आर्सेनल ३-१ जिंकलं. एक मुलगा उतरला आणि सगळं सुधारलं असं अर्थातच नाही, पण उरलेल्या २४ सामन्यांत ४३ गोल झाले. जानेवारीत मिडफिल्डर ओडेगार्ड लोनवर (दुसऱ्या क्लबकडून उसना) आला तोही त्याच जागेसाठी. नवा स्ट्रायकर घेतला नाही.

त्याच सीझनचं ब्रायटन हे बरोबर उलटं टोक. २६ सप्टेंबर २०२०, घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड. ब्रायटनचा बॉल पाच वेळा पोस्टला किंवा बारला लागला, त्यातले तीन एकट्या ट्रोसार्डचे. शेवटची शिट्टी वाजल्यावर व्हिडिओ बघून दिलेल्या पेनल्टीवर सामना २-३ गेला. पूर्ण सीझनमध्ये ३८ सामने, ४० गोल, सोळावा नंबर. अपेक्षित गोलांची बेरीज मात्र पन्नाशीपार. क्लबने प्रशिक्षक ग्रॅहम पॉटरला हात लावला नाही, रचना मोडली नाही, आणि पुढच्या सीझनला संघ नववा आला. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: त्या नवव्या नंबरच्या सीझनमध्येही गोल ४२च होते. चार-पाच सामन्यांची तूट नशिबाच्या खात्यावर टाकता येते. दोन वर्षं तशीच राहिली तर ती पायातली तूट आहे, हे मान्य करायला हवं.

पण सीझनच्या सुरुवातीला नशिबाचा वाटा किती मोठा असतो ते हिशोबाने बघा. समजा एक संघ सामन्याला दीड गोलाच्या लायकीचे चान्स तयार करतो. चार सामन्यांत सहा गोल अपेक्षित. तरीही निव्वळ योगायोगाने त्याचे दोन किंवा कमी गोल होण्याची शक्यता सुमारे सहा टक्के निघते. वीस संघांच्या लीगमध्ये सगळे असेच धरले, तर सरासरी दरवर्षी एखाद्यावर ही पाळी येते, कुणाची काहीही चूक नसताना. म्हणून चार सामन्यांनंतर गोलांपेक्षा चान्सचा आकडा जास्त विश्वासाचा. तो लवकर स्थिरावतो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा गोव्यातल्या गावच्या मैदानावर एक्सजी काढून देणारं कुणी नसतं, पण एक वही पुरते. बाकावरच्या खेळाडूला चार रकाने आखून द्या. आपल्या माणसाने प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्समध्ये बॉलला किती वेळा पाय लावला. प्रत्येक शॉट कुठून: बॉक्सबाहेर, बॉक्समध्ये, की सहा यार्डाच्या चौकोनाजवळ. शॉटचं झालं काय: गोलवर, बाहेर, की मधेच अडवला. आणि क्रॉस पडला तेव्हा बॉक्समध्ये आपले किती जण होते. तीन-चार सामन्यांची पानं शेजारी ठेवली की चित्र उघडं पडतं. निम्म्याहून जास्त शॉट बॉक्सबाहेरून आणि बरेचसे अडवले गेलेले असतील, तर दुखणं पहिलं. अडवला जाणारा शॉट म्हणजे मारणाऱ्यासमोर मोकळी जागाच नव्हती. शॉट बॉक्समधून, पण तीनातला एकही गोलवर जात नसेल, तर दुखणं दुसरं. आणि जवळून मारलेले शॉट गोलवरही जातायत, गोलरक्षक काढतोय, तर बहुधा काहीच करू नका. तो गोलरक्षक दर रविवारी समोर नसतो.

पहिल्या दुखण्याची कारणं सुरुवातीच्या महिन्यात ठरलेली असतात. युरोपात खेळाडूंची उन्हाळी खरेदी साधारण ऑगस्टच्या अखेरीपर्यंत चालते. शेवटच्या दिवशी आलेला विंगर सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय सुट्टीत आपल्या देशाकडून खेळायला जातो, म्हणजे नव्या फुल-बॅकबरोबर त्याचे सराव होतात कितीसे? फुल-बॅक बाहेरून पळणार की आतून, हे दोघांना न बोलता कळेपर्यंत विंगर बॉल पायाखाली धरून थांबतो. तेवढ्या दोन सेकंदांत समोरची बचावफळी नीट लागते. स्ट्रायकर बॉलसाठी मागे येतो, पण त्याने सोडलेल्या जागेत कुणी धावत नाही. क्रॉस पडतो तेव्हा बॉक्समध्ये एकटा जीव आणि भोवती तिघं.

याला औषध म्हणजे छोट्या जागेतला खेळ. साधारण ४० बाय ३० मीटर, सहा विरुद्ध सहा, मधे आडवा पट्टा आखलेला. त्या पट्ट्यात बॉल घेऊन वळल्याशिवाय गोल धरायचा नाही. पंधरा मिनिटांचे दोन डाव. पहिल्या आठवड्यात बॉल सतत हरवतो आणि सगळे वैतागतात. तरी नियम सैल करायचा नाही.

दुसरं दुखणं एका चान्समध्ये नीट दिसतं. विंगर गोललाइनवर पोचलाय, बॉल मागे ओढणार आहे. स्ट्रायकर अधीर होऊन आधीच सहा यार्डात घुसतो, बॉल त्याच्या पाठीमागून येतो, आणि त्याला थांबून, वळून, टाच लावायची वेळ येते. अर्धा क्षण मागे थांबून मग पेनल्टी स्पॉटकडे निघाला असता तर तोच बॉल पुढ्यात आला असता. बॉल पुढ्यात आला तरी आणखी एक चूक ठरलेली: टेकवलेला पाय बॉलच्या बराच मागे पडतो, अंग मागे झुकतं, बॉल बारवरून. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटरच उंच; हुकायला वरची बाजू सगळ्यात सोपी.

म्हणून रांग लावून, उभ्या बॉलवर, मोकळ्या गोलरक्षकावर केलेलं शूटिंग फारसं उपयोगी नाही. बॉल बाजूने यावा, पाठीवर एक बचावपटू असावा, आणि एकाच टचमध्ये मारायचं. एका खेळाडूला दहा-बारा शॉट पुरे. त्यापुढे पाय दमतात आणि चुकीचीच सवय घोटली जाते.

दोन्ही दुखणी एकत्र आली तर सुरुवात चान्सपासून करा. ऐंशी मिनिटं बॉल न मिळालेला स्ट्रायकर पहिला बॉल मिळाल्यावर घाई करणारच. त्याला एका सामन्यात चार वेळा बॉक्समध्ये बॉल मिळू द्या, मग वहीतला तिसरा रकाना उघडा.