जिन्यातून चढेल तेवढंच घर

२८ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकातून पंतप्रधानांशी बोलले. बोलता बोलता सांगून गेले, की आत्ता पाय बांधून ठेवलेत, नाहीतर मी वर जाईन. आपल्याकडे त्यांनी सोबत नेलेल्या गाजर हलव्याची आणि आमरसाचीच चर्चा जास्त झाली, आणि ते साहजिकच आहे. पण त्या दिवसांतले स्थानकातले व्हिडिओ ज्यांनी नीट पाहिले, त्यांना आणखी एक गोष्ट खटकली असेल. चारही भिंतींवर वायरी, पिशव्या, पट्ट्या, लॅपटॉप, कसले कसले पाइप. घर हलवायच्या आदल्या रात्री दिवाणखाना दिसतो तसं. पडद्यावर आपण पाहिलेली स्थानकं अशी नसतात. तिथे पांढरे स्वच्छ बोळ असतात, दारं आपोआप सरकतात आणि माणसं चक्क चालतात.

चाळीत राहिलेल्या माणसाला याचं कारण लवकर पटेल. लोखंडी कपाट घ्यायला गेलं की तिथे पहिला प्रश्न खोलीच्या मापाचा नसायचा; जिन्याच्या वळणावरून ते चढेल का, हा असायचा. अंतराळातल्या घराचंही तसंच आहे. ते आतून कसं दिसेल, हे बरंचसं जिन्यानं ठरवलं. आणि रॉकेटचा हा जिना फार अरुंद.

कल्पनेतल्या पहिल्या स्थानकाला जिन्याची फिकीर नव्हती. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या 'अटलांटिक मंथली' मासिकात एडवर्ड एव्हरेट हेल यांची 'द ब्रिक मून' ही कथा क्रमशः आली. जहाजांना रेखांश कळावा म्हणून २०० फूट व्यासाचा एक गोल आकाशात सोडायचा, अशी योजना. गोल विटांचा, कारण वर जाताना हवेच्या घर्षणानं तापेल आणि वीट आग सोसते. प्रचंड फिरत्या चाकांवरून तो भिरकावायचा. पण तो वेळेआधीच निसटतो आणि आतल्या बायकापोरांसकट कक्षेत जातो. गंमत म्हणजे आतले लोक मजेत राहतात, शेती करतात.

मग आकडेमोड आली. १९०३ मध्ये रशियातले शाळामास्तर कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की यांनी रॉकेटचं समीकरण छापलं. जास्त वेग हवा तर जास्त इंधन हवं, आणि ते इंधन वाहून न्यायला पुन्हा इंधन हवं, असा त्याचा अर्थ. पुढे पोटोच्निक या ऑस्ट्रियन सैन्यातल्या निवृत्त स्लोव्हेन अभियंत्यानं नोर्डुंग या टोपणनावानं एक पुस्तक लिहिलं. त्यावर साल १९२९ चं आहे, आणि त्याच वर्षी तो ३६ व्या वर्षी वारला. त्यातलं 'राहतं चाक' ३० मीटर व्यासाचं होतं. चाक फिरत राहायचं, म्हणजे आतल्या माणसांचे पाय बाहेरच्या कडेवर टेकतील आणि वजन असल्यासारखं वाटेल.

हे चाक लोकांच्या मनात बसवलं रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउननं, १९५२ मध्ये अमेरिकेतल्या 'कोलियर्स' साप्ताहिकातून. व्यास २५० फूट, उंची सुमारे १,७३० किलोमीटर, माणसं ८०, फेऱ्या मिनिटाला ३. गणित करून पाहिलं तर कडेवर पृथ्वीच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त वजन भरतं. त्या लेखात एक बाब होती, ती पुढे सगळे विसरले. हे चाक त्यानं नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या कापडाचं कल्पिलं होतं: तुकड्यातुकड्यानं घडी करून न्यायचं, वर जोडायचं आणि हवा भरून फुगवायचं. तरीही एकेका खेपेला ७,००० टनांचं रॉकेट लागणार होतं. म्हणजे जिना अरुंद आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या चित्रकारांनी चाक ठेवलं आणि घडी सोडून दिली.

१९६८ मध्ये स्टॅनली क्युब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'नं त्या चाकाला कायमचं रूप दिलं. वर वळत जाणारी पांढरी लॉबी, त्यात लालभडक खुर्च्या, शेजारी हॉटेल. याच चित्रपटातल्या यानाचं फिरतं दालन व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या विमान बनवणाऱ्या कंपनीकडून बांधून घेतलं होतं. ३८ फुटी चाक, खर्च साडेसात लाख डॉलर. पडद्यावरची माणसं चालतात याचं साधं कारण म्हणजे चित्रीकरण पृथ्वीवर होतं आणि इथे गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं. तरंगणं दाखवायचं तर खर्च येतो. त्यामुळे स्वस्तातल्या मालिकांमध्येही सगळे चालतात आणि 'कृत्रिम गुरुत्वाकर्षण' एवढं म्हणून विषय मिटवतात.

आता जिन्याकडे वळू. अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे, साधारण मुंबई-कोल्हापूर रस्त्याएवढं. एवढं अंतर वर जाणं तुलनेनं सोपं. पण वर जाऊन थांबलात तर सरळ खाली पडाल. तिथे टिकायचं तर आडवं पळावं लागतं, सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून पुण्याला २० सेकंदांत. तेव्हा कुठे पडता पडता पृथ्वीचा गोलावा चुकवता येतो. उंची गाठायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या जवळपास आठपट या वेगावर खर्च होते. आपलं एलव्हीएम-३ रॉकेट निघताना ६४० टनांचं असतं आणि खालच्या कक्षेत सुमारे ८ टन पोचवतं. बाकीचं जळतं किंवा गळून पडतं. शिवाय सामान रॉकेटच्या नाकातल्या टोपणात मावलं पाहिजे.

पहिलं खरं स्थानक, सोव्हिएत सॅल्यूत-१, १९ एप्रिल १९७१ ला गेलं ते साहजिकच एका लांबट नळकांड्याच्या आकाराचं. सोव्हिएत यानांच्या अंतर्भागावर गालिना बालाशोवा या स्थापत्यकार बाईंची छाप आहे. आधी त्या ही यानं बनवणाऱ्या संस्थेच्याच वसाहतीची बांधकामं पाहत. माणसं नेणाऱ्या सोयूझ यानासाठी आणि पुढे मीर या स्थानकासाठी त्यांनी ठरवलेली युक्ती साधी होती: 'खाली' गडद हिरवं, 'वर' फिकट. वर-खाली काही नसलेल्या जागी डोळ्यांना जमीन मिळावी म्हणून. सोयूझच्या भिंतीवर लावायला त्या स्वतः जलरंगात निसर्गचित्रं काढून देत. यानाचा तो भाग परतताना वातावरणात जळतो, त्यामुळे चित्रंही जळाली. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते ती ही बाई.

अमेरिकेचं स्कायलॅब हे स्थानक आपल्याकडच्या आधीच्या पिढीला आठवतं ते जुलै १९७९ मध्ये ते डोक्यावर पडणार या धास्तीमुळे. शेवटी ते ऑस्ट्रेलियात पडलं. पण जिन्याच्या गोष्टीत ते अपवाद होतं. सॅटर्न-५ या रॉकेटच्या वरच्या टप्प्याची रिकामी इंधनटाकीच घर म्हणून वापरली, त्यामुळे व्यास ६.६ मीटर मिळाला. रेमंड लोवी हे नामवंत रचनाकार सल्लागार होते. बाहेर बघायला खिडकी हवीच, हा त्यांचा आग्रह. जेवायला त्रिकोणी टेबल होतं. जमीन म्हणजे त्रिकोणांची जाळी, त्यात बुटाच्या तळाचा खिळा अडकवून उभं राहायचं. एका भागात मात्र मुद्दाम वर-खाली न ठरवता उपकरणं सगळीकडून लावली होती. शून्य गुरुत्वाकर्षणात कशाला हवी जमीन, असा विचार. अंतराळवीरांना तो भाग अजिबात आवडला नाही, तिथे गोंधळायला व्हायचं. आणि टाकीच्या आतल्या बाजूनं गोल मांडलेल्या कपाटांवरून ते पिंजऱ्यातल्या उंदरासारखे धावले. फॉन ब्राउनच्या चाकाची एवढीच अंमलबजावणी झाली: चाक स्थिर, माणूस फिरतोय.

स्कायलॅबनं खुर्चीचाही निकाल लावला. वजन नसलेलं शरीर सैल सोडलं की आपोआप अर्धवट वाकतं: गुडघे दुमडलेले, हात पुढे तरंगणारे. खुर्चीत बसायचं तर पोट आवळून धरावं लागतं. चित्रपटातल्या त्या लाल खुर्च्या वर नेल्या असत्या तरी कुणी बसलं नसतं. पाय अडकवायला एक दांडी पुरते.

मीर १९८६ मध्ये सुरू झालं आणि खोली खोली जोडत वाढलं. २५ जून १९९७ ला मालवाहू यान त्याच्या स्पेक्त्र या खोलीवर आदळलं आणि हवा निसटू लागली. चित्रपटात अशा वेळी दार सप्पकन बंद होतं. इथे दारातून वायरींचे जुडगे गेलेले, कारण बरीचशी वीज त्या खोलीतून यायची. त्या आधी सोडवल्या, काही कापल्या, तेव्हा कुठे दारावर झाकण बसलं.

आताच्या आंतरराष्ट्रीय स्थानकाचा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ ला गेला. अमेरिकी खोल्यांचं माप त्या वर नेणाऱ्या शटल यानाच्या मालकक्षानं ठरवलं, रुंदी ४.६ मीटर. आतून चारही बाजूंना फ्रिजपेक्षा थोडे मोठे रॅक बसवले, म्हणून बाहेरून गोल नळी आणि आतून चौकोनी बोळ. वायरी झाकल्या नाहीत, कारण बिघाड झाला की हात पोचला पाहिजे. झोपायची खोली जुन्या एसटीडी बूथएवढी, झोपण्याची पिशवी भिंतीला बांधलेली. पंखा सतत चालू, कारण गरम हवा तिथे आपणहून वर जात नाही. पंखा थांबला तर झोपलेल्या माणसाचा उच्छ्वास तोंडाभोवतीच साचत जातो. पडद्यावरची ती गूढ शांतता तिथे कधीच नसते. आणि वस्तू हरवतात. अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांनी वर पिकवलेला छोटा टोमॅटो हरवला. त्यांनीच तो खाल्ला, अशी थट्टा चालली. तो सापडल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं, सुकलेला.

मग चाक कुठे गेलं? चार-साडेचार मीटर व्यासाची खोली फिरवून पृथ्वीएवढं वजन आणायचं तर मिनिटाला जवळपास २० फेऱ्या लागतील, आणि उभ्या माणसाचं डोकं फिरण्याच्या मध्याजवळ येईल. पाय जड, डोकं हलकं, पोटात मळमळ. तरी उंदीर आणि रोपं यांच्यासाठी एक फिरतं यंत्र असलेली खोली जपाननं स्थानकाकरता बांधायला घेतली होती. २००५ मध्ये शटलच्या फेऱ्या कमी करायच्या ठरल्या आणि ती रद्द झाली. आज ती त्सुकुबाच्या अवकाशकेंद्रात बघायला ठेवलेली आहे.

फुगवायच्या घराची कल्पना मात्र परत आली. बीम नावाची कापडी खोली २०१६ पासून स्थानकाला जोडलेली आहे; बरीच वर्षं ती अडगळीसाठी वापरली गेली.

भारतीय अंतराळस्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये आणि सगळे पाच भाग २०३५ पर्यंत, असं ठरलं आहे. पहिल्या भागाची प्रतिकृती ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत मांडली होती: ८ मीटर उंच, ३.८ मीटर रुंद. एलव्हीएम-३ च्या नाकातलं टोपण बाहेरून ५ मीटर आहे.